उघड्या कोपऱ्यांची कवंदी

काटेगाळीत अपोलीन मिंगेल सिद्दी हिच्या हातची कवंदी ज्या घरात नाही, असे घर शोधावे लागते. कवंदी म्हणजे आम्हा सिद्दींची गोधडी. खाली जुनी साडी, वर घरातल्यांच्या विटलेल्या कपड्यांचे तुकडे, आणि कडेपासून सुरू होऊन चारी बाजूंनी आत वळत मध्याशी येऊन संपणारा धावदोरा. मधला शेवटचा तुकडा बंद करण्यापूर्वी त्याखाली चिमूटभर तांदूळ ठेवतात. कवंदीला उपाशी ठेवून तिची ऊब घेऊ नये, अशी आमच्याकडची समजूत आहे.

अपोलीनने आयुष्यात एकही कवंदी विकली नाही. भाताची कापणी-मळणी उरकली की अंगणातल्या फणसाखाली ती पाय पसरून बसे, आणि उन्हाळा तापेपर्यंत शिवत राही. तिला दुसरा शौक नव्हता. बहिणीच्या मुलांना तिने कवंद्या दिल्या, शेजारणींना दिल्या, बदली होऊन गेलेल्या मास्तरांना दिली. ज्या वनरक्षकाने तिच्या नवऱ्याला, मिंगेलला, सागाच्या फांद्या तोडताना पकडले होते, त्याची बायको बाळंत झाली तेव्हा तिलाही एक पोहोचली. मिंगेल चिडला, तर म्हणाली, "पकडलं बापानं. थंडी वाजणार पोराला. तुझा हिशेब तू बापाशी कर."

तिच्या ज्या कवंद्या पाहायला मिळाल्या, त्या मी पुढून आणि मागून तपासल्या आहेत. एका कवंदीपर्यंतच्या सर्वांवर कडेपासून कोपऱ्यापर्यंत एकच हात आहे. त्या कवंदीवर मात्र पहिल्यांदा दोन हात आले. तिची हकीकत मला तिघींनी सांगितली: खुद्द अपोलीनने, तिची मुलगी सेराफीन हिने, आणि गावातल्या रेमेदीने. तिघींचे म्हणणे जिथे जुळत नाही, तिथे तसे नोंदवले आहे.

सुरुवात रेमेदीच्या अंगणात झाली, याबद्दल मात्र दुमत नाही.

रेमेदी काटेगाळीत लग्न होऊन आली तेव्हा तिला कवंदीची फुले घालता येत नव्हती. ती तिला अपोलीनने शिकवली. रंगीत कापडाचे चौकोन दुमडून त्यांचे त्रिकोण करायचे, मोठ्यावर लहान अशी त्यांची चळत लावायची, आणि ती प्रत्येक कोपऱ्यावर शिवायची. ही चार फुले समुद्रापलीकडून आमच्या पूर्वजांबरोबर आली, असे काही जण सांगतात. त्याला पुरावा मला सापडलेला नाही. सापडले आहे ते इतकेच, की घरासाठी शिवलेली एकही जुनी कवंदी फुलांशिवाय नाही. फुले नसलेल्या कवंदीला आमच्याकडे उघडी म्हणतात, रागावले तर नागडी. तान्ह्या मुलाला उघडी कवंदी कोणी देत नाही. दिली, तर या मुलाला आपले म्हणणारे कोणी नाही, असा तिचा अर्थ होतो.

पुढे रेमेदीचा नवरा मध काढताना झाडावरून पडला आणि अंथरुणाला खिळला. त्याच सुमारास शहरातल्या एका दुकानासाठी कवंद्या शिवण्याचे काम गावात आले. रेमेदीने ते घेतले, आणखी दोघी-तिघींना सोबत घेतले. दुकानवालीची अट होती की कोपऱ्यांना फुले नकोत. घडी घातल्यावर जाड होतात, यंत्रात धुताना अडकतात. रेमेदीचे अंगण फुले नसलेल्या कवंद्यांनी भरून गेले. बांबूवर त्या उन्हात टाकलेल्या असताना अपोलीन डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन तिथून चालली होती. ती थांबली.

"काय गो रेमेदी, ही किती पोरं उघडी धाडतेस शहरात?"

"मावशे, दुकानवाली बाई नको म्हणते. मशीनमधे अडकतात म्हणे."

"मग तिचे कानपण अडकत असतील. कापून ठेव म्हणावं."

बायका हसल्या. रेमेदीही हसली. अपोलीनने तिथेच सोडले असते तर पुढचे काही घडले नसते. पण हशा मिळाला की तिला थांबता येत नसे. ती मोळीसकट वळली आणि एका कवंदीचा कोपरा बोटांनी चाचपून म्हणाली, "ही कवंदी नव्हे, पोतेरं. मी व्यालेल्या कुत्रीखालीसुद्धा घातलं नसतं. आणि हे शिकवलं कोणी म्हणून कुणी विचारलं, तर माझं नाव घेऊ नकोस बाय."

आता कोणी हसले नाही. रेमेदी सुई तशीच धरून खाली बघत राहिली. तिचा नवरा आत पडवीत होता. त्याला सगळे ऐकू गेले. त्या दिवसानंतर विहिरीवर अपोलीन दिसली की रेमेदी घागर तशीच ठेवून बाजूला उभी राही.

तो कोपरा अपोलीनने हाताने का चाचपला, डोळ्यांनी का पाहिला नाही, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही.

मिंगेल वारला होता. मुलगा गोव्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. घरात अपोलीन एकटी, त्यामुळे तिचे काय चालले आहे ते पाहणारे कोणी नव्हते. सुई ओवताना ती दोरा जिभेने ओला करी आणि नाकाशी धरून पुन्हा पुन्हा टोचत राही. तांदळातले खडे तिने निवडणेच सोडले. त्या काळातल्या तिच्या कवंद्या वेगळ्या दिसतात: तुकडे मोठे, आणि रंग भडक, लालाशेजारी पिवळा, काळ्याशेजारी पांढरा. शहरातल्या त्या दुकानवालीने यातली एक कुणाच्या तरी घरी पाहिली आणि म्हातारीची रंगांची नजर वयाबरोबर धीट होत चालली आहे, असे कौतुक केले. धीटपणाचा यात काही संबंध नव्हता. जे रंग तिला अजून वेगळे दिसत होते, तेच ती घेत होती.

सेराफीनला आंबेकोप या गावी दिलेली. लग्नाला बरीच वर्षे होऊनही मूल नव्हते, आणि तिच्या सासूने, नटालीनने, ते मुकाट्याने सोसले होते, असे म्हणता येणार नाही. अखेर सुगीच्या तोंडावर सेराफीनला मुलगी झाली. अपोलीनने निरोप आणणाऱ्याला घरातली एकुलती एक कोंबडी दिली आणि गावभर सांगत सुटली, "अशी कवंदी करीन, की पोरगी म्हातारी झाली तरी सोडायची नाही." बाप्तिस्म्याला मुलाला कवंदीत घेऊनच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेतात. नंतर जेवणाच्या मांडवात ती खाटेवर पसरून ठेवतात, आणि आजोळाने काय पाठवले ते सगळे गाव हात लावून पाहते.

कवंदीचा मधला भाग तिला जमला. धावदोरा डोळ्यांचा कमी आणि बोटांचा जास्त असतो. डाव्या हाताचे बोट पुढे, सुई मागे. ओळी थोड्या वाहवल्या, पण मोठ्या तुकड्यांत ते खपून गेले. तिने तांदूळ ठेवून कवंदीचे पोट भरले आणि मध्य बंद केला. मग ती फुलांकडे वळली. त्यांच्यासाठी तिने मिंगेलचा निळा सदरा राखून ठेवला होता, लग्नातला, आतापर्यंत कोणत्याही कवंदीत न घातलेला.

फुलांना डोळे लागतात. घडीच्या कडा एकावर एक बसाव्या लागतात, टोक नेमके कोपऱ्यावर यावे लागते. तिचे पहिले फूल चुरगळलेल्या चंचीसारखे झाले. तिने ते उसवले, पुन्हा घातले, पुन्हा उसवले. जुने कापड किती वेळा सुई सोसणार? कडा सुटल्या, दशा निघाल्या. सदरा संपत आला आणि एकही फूल झाले नाही.

गावात त्या वेळी नीट फुले घालणारा दुसरा हात एकच होता.

"गेले होते," अपोलीनने मला सांगितले. "तिच्या कुंपणापर्यंत गेले. आत बायका बसल्या होत्या शिवत. काय सांगू? की ये गो रेमेदी, कुत्रीखाली घालायला एक पोतेरं झालंय माझ्याकडं? परत आले."

ती आंबेकोपाला कवंदी घेऊन गेली ती उघडीच. नटालीनने पुढे होऊन गाठोडे घेतले, ओसरीवर पसरले, आणि एकेक करून चारी कोपरे हातात धरून पाहिले.

"विहीणबाय, फुलं वाटेत गळली काय?"

"मुद्दामच नाही लावली," अपोलीन म्हणाली. "पोरीच्या गालाला टोचतील. कातडी किती नाजूक आहे बघा."

"आमच्याकडं फुलं टोचून अजून कोणी मेलं नाही." नटालीनने कवंदीची घडी घातली. "समजलं मला. नातू असता तर टोचली नसती."

सेराफीन दारात मुलीला घेऊन उभी होती. ती आईकडे बघत राहिली, आई काहीतरी बोलेल म्हणून. अपोलीन म्हणाली, "तसं नाही हो, तसं नाही," आणि मग उन्हाचे निमित्त सांगून पाणीही न पिता निघाली.

ही बातमी काटेगाळीला अपोलीनच्या पाठोपाठ पोहोचली असावी. दोन-तीन दिवसांनी विहिरीवर कोणीतरी तिच्यामागे म्हणाले, "ऐकलंस काय गो, अपोलीनमायनं नातीला पोतेरं धाडलं." हसणे झाले. अपोलीनचे ठाम म्हणणे आहे की हसणाऱ्यांत रेमेदी होती. रेमेदी म्हणते की त्या आठवड्यात ती नवऱ्याला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात होती, विहिरीवर गेलीच नाही. दवाखान्याची चिठ्ठी तिने मला दाखवली. तिच्यावरची तारीख तिच्या बाजूने आहे. मी हे अपोलीनला सांगितले. ती म्हणाली, "नसेलही. मला कोण हसलं ते दिसलं कुठं? मला वाटलं, हसायचा हक्क तिचाच."

बाप्तिस्म्याचा रविवार जवळ आला तसा अपोलीनने ताप आल्याचा निरोप पाठवला. सेराफीन दुसऱ्याच दिवशी मुलीला कडेवर घेऊन येऊन थडकली. आई चुलीपुढे बसून पेज ढवळत होती. सेराफीनने तिच्या कपाळाला हात लावला.

"कुठाय ताप?"

"आत आहे. हाडांत."

"हाडांत असू दे. पेजेत मीठ घातलंस?"

"घातलं."

"दोनदा घातलंस," सेराफीन चव घेऊन म्हणाली. तिने ती पेज बाजूला ठेवली आणि नवी करायला तांदूळ घेण्यासाठी कणगीत हात घातला. तांदळाखाली तिच्या हाताला कापड लागले. निळे, गोळा झालेले, दशा सुटलेले. एक, मग दुसरे, मग मूठभर.

"माय, हे काय?"

"उंदरांनी केलंय."

"उंदीर सुईनं शिवायला कधी लागले?"

अपोलीन चुलीत लाकूड सारत राहिली. सेराफीन तिच्यासमोर येऊन बसली, अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून.

"माझ्या कानांत काय आहे सांग."

"काय असणार? तुझ्या बापानं केलेले डूल."

सेराफीनने बाळ ओढते म्हणून डूल कधीचेच काढून ठेवले होते. कानांच्या भोकांत कडुनिंबाच्या काड्या होत्या. तिने आईचा हात धरून आपल्या कानाला लावला. अपोलीनने काडी चाचपली आणि हात मागे घेतला.

"कधीपासून?"

"कुणाला सांगू नकोस."

"अगं, शिबिरात घेऊन जातात, डोळा साफ करून देतात. यात लाजायचं काय?"

"सांगू नकोस म्हटलं ना! अपोलीन आंधळी झाली म्हणतील. मग माझ्या हातची कवंदी कोण घेईल? दया म्हणून घेतील आणि बैलावर घालतील."

"आणि मी काय करू?" सेराफीनचा आवाज चढला तसे मूल रडू लागले. "सासू रोज म्हणते, मुलगी झाली म्हणून आजीनं उघडी धाडली. रविवारी सगळ्या गावासमोर म्हणणार. ते ऐकत राहू?"

"म्हणू दे," अपोलीन म्हणाली. "आंधळी म्हणण्यापेक्षा ते बरं."

हे वाक्य मला दोघींनीही सांगितले, आणि दोघींच्या तोंडी ते शब्दाला शब्द सारखे आहे.  सेराफीनने नवी पेज केली, आईला वाढली, निळ्या चिंध्या पदराला बांधल्या आणि निघाली. अपोलीनने तिला थांबवले नाही. ती म्हणते, थांबवायला तोंड उरले नव्हते. आपण काय बोललो ते तिला मुलगी कुंपणाबाहेर गेल्यावर कळले: स्वतःची लाज झाकायला तिने तान्ह्या नातीला उघडे टाकले होते.

रविवारी ती गेली. आंबेकोपाच्या देवळात सर्वांत मागे, दारालगत उभी राहिली. धर्ममाय मुलीला कवंदीत घेऊन पुढे चालली तेव्हा अपोलीनला लाल-पिवळ्याची हलती गर्दी दिसली, आणि तिच्या कडांना काहीतरी निळे. ते पाहून तिला वाटले, डोळे आता नसलेलेही दाखवू लागले.

मांडवात डमामाचा ठेका सुरू झाला. कोंबडीचा रस्सा वाढला जात होता. खाटेवर कवंदी पसरलेली होती आणि तिच्याभोवती बायकांची गर्दी. नटालीनने अपोलीनला हाताला धरून खाटेपाशी नेले.

"बघा, हे आजोळ! चार कोपऱ्यांना चार फुलं. मी काय काय बोलले, विहीणबाय, मनात ठेवू नका."

"फुलं तर फुलंच आहेत गो अपोलीनमाय," कोणीतरी म्हणाले.

"या वयात ही घडी! आमच्या पोरींना जमणार नाही."

अपोलीनने कोपऱ्याला हात लावला. चळत घट्ट होती. मिंगेलच्या सदऱ्याचे सुटलेले काठ घडीच्या आत असे वळवले होते की एक दशा बोटाला लागत नव्हती. टोकाला एक टाका जास्तीचा होता, उलटा घेतलेला. तो टाका तिने आयुष्यात एकाच मुलीला शिकवला होता, ती नवी नवरी असताना, फणसाखाली बसवून.

रेमेदी जेवणाच्या पंगतीत बसली होती, खाटेपासून दोन हातांवर.

आता अपोलीनने तोंड उघडायला हवे होते. तिने उघडले. "नातीसाठी काय," ती म्हणाली, "करावं तेवढं थोडंच."

बायकांनी माना डोलावल्या. रेमेदीने पानावरून मान वर केली नाही. डमाम इतक्या जोरात वाजत होते की आपल्याला काहीच ऐकू आले नाही, असे ती सांगते. अपोलीनला हे मान्य नाही. "ऐकलं तिनं. तिचा हात थांबला होता भातात. एवढं मला दिसलं." तिच्या डोळ्यांची तेव्हाची अवस्था पाहता तिला ते दिसले असण्याचा संभव कमी आहे. पण रेमेदीने ऐकले नाही, यावरही माझा विश्वास नाही.

 पानावर सगळे तसेच सोडून उठणारी अपोलीन मांडवातली एकटीच होती. हातधुण्याच्या जागी सेराफीन तिच्या हातावर पाणी घालत होती; तिने आईकडे पाहिले आणि काही विचारले नाही. त्या न विचारण्याचे अपोलीनला जेवढे लागले, तेवढे विहिरीवरच्या हसण्याचेही लागले नव्हते.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती रेमेदीच्या कुंपणातून आत शिरली. अंगणात बायका शिवत होत्या.  तिला बसायला कोणी पोते सरकवले ते तिने घेतले नाही, मातीतच बसली. पदराच्या गाठीतून तिने सुई आणि दोरा काढला आणि पुढे धरला.

"ओवून दे गो रेमेदी. मला दिसत नाही."

सगळ्या रेमेदीकडे पाहू लागल्या. रेमेदीने हातातला टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला, मगच मान वर केली.

"कधीपासून, मावशे?"

"तुला पोतेरं म्हटलं, त्याच्या आधीपासून."

 अपोलीनला वाटले, बोलायचे ते सगळे एकदाच बोलून टाकावे. "फुलं तुझी आहेत. मी मांडवात खोटं बोलले. सगळ्यांसमोर. मी आंबेकोपाला जाते आणि विहीणबायला सांगते, की ती फुलं..."

"काय सांगतेस?" रेमेदी म्हणाली. "तिच्याच ओसरीवर बसून शिवली की मी. चहा तिनं केला. सेराफीन माझ्याकडं चिंध्या घेऊन आली तेव्हा सासूला आधी सगळं सांगूनच आली होती."

"म्हणजे नटालीनला..."

"नटालीनला ठाऊक, धर्ममायला ठाऊक. तिच्या पोरींनी तर घड्या धरल्या मला."

"आणि त्या फुलं बघून बोलत होत्या, माझ्या हाताचं..."

"सेराफीननं पायां पडून सांगितलं होतं सगळ्यांना. माझ्या मायला उघडी पाडू नका म्हणून."

अपोलीन खाली बघत बसली. ती ज्या गोष्टीची कबुली द्यायला आली होती, ती लपलेली कधी नव्हतीच. मांडवातल्या प्रत्येक बाईने ती फुले कोणाची हे माहीत असून तिच्याकडे पाहिले होते, तिला बोलायला जागा करून दिली होती, आणि तिने त्या सगळ्यांच्या देखत ती फुले आपली म्हणून घेतली होती. झाकणारे हात सगळे होते. उघडी पडली ती तिच्या स्वतःच्या तोंडाने.

रेमेदीने तिच्या हातातून सुई घेतली. उजेडाकडे धरून एका झटक्यात ओवली, आणि रिळातून दोरा ओढत राहिली, वीतभर, हातभर, दोन हात.

"लांब घातलाय," सुई परत देत ती म्हणाली. "सारखं सारखं मागायला लाज वाटेल तुला."

यात टोमणा किती आणि माया किती, हे मी रेमेदीला विचारले. ती म्हणाली, "दोन्ही असेल. मला तेव्हा राग होताच की. आजही थोडा आहे."

अपोलीनचा एक डोळा पुढच्या शिबिरात साफ झाला. दुसरा तिने तसाच ठेवला आहे. एक पुरे म्हणते. आता तिला सुई ओवता येते, आणि प्रयत्न केला तर फूलही घालता येईल, असे सेराफीनला वाटते. पण ती घालत नाही. शिवून झालेली कवंदी ती स्वतः रेमेदीकडे नेते, आणि कवंदी कोणालाही देताना, त्याने विचारो न विचारो, आधी सांगते, "फुलं माझी नव्हेत." ऐकणाऱ्यांना अवघडल्यासारखे होते. गावातल्या बायका आता कंटाळल्या आहेत. "माहीत आहे गो माय, किती वेळा सांगशील," असे म्हणतात. ती पुढच्या वेळी पुन्हा सांगते.

नात आता चालू लागली आहे. आजोळी आली की फणसाखाली कवंदी पसरून तिला झोपवतात. तिला एक सवय लागली आहे: कवंदीचा एक कोपरा ओढून घ्यायचा, निळे फूल गालाशी धरायचे, आणि ते गालावर घासत घासत झोपायचे. फूल सुटले तर ती जागी होते आणि रडते. एक टोक घासून पांढरे पडले आहे. रेमेदीने ते दोनदा पक्के केले.

मुलीच्या त्याच गालाला टोचेल म्हणून ते लावले नव्हते, असे कधीतरी सांगितले गेले होते. हे तिथे बसलेल्या सगळ्यांना आठवते. कोणी तो विषय काढत नाही. झोपेत मुलीच्या हातून फूल निसटले की अपोलीन वाकून ते परत तिच्या गालाशी ठेवते, आणि मग मान दुसरीकडे वळवून, साफ झालेल्या डोळ्याने, कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत राहते.